'वावरात ये' नावाचं वायफाय

मुलगी पुण्याहून घरी राहायला आली तेव्हा दोन बॅगांबरोबर एक अटही घेऊन आली. कंपनीनं तिला घरून काम करायची मुभा दिली होती, पण घरचं इंटरनेट त्या तोडीचं हवं होतं. आमचं गाव मोताळ्यापासून फार लांब नाही. गावात फायबर येऊन चारेक वर्षं झाली होती आणि आमच्याकडे पहिल्यापासून सगळ्यात लहान प्लॅन होता. तिनं आल्या आल्या तो वाढवला, पन्नास एमबीपीएसचा तीनशेचा केला. तरी मीटिंगमध्ये तिचा चेहरा गोठायचा, आवाज तुटायचा आणि तिकडची माणसं नुसती हॅलो हॅलो करत राहायची.

एक दिवस तिनं लॅपटॉपला थेट वायर लावून वेग मोजला. ब्याण्णव.

"लाइन बरोबर आहे, आई. हा डबाच जुना आहे. ह्याच्यातून शंभराच्या वर जातच नाही."

तो डबा म्हणजे आमचा राउटर. मागच्या खोलीच्या खिडकीत दोन खिळ्यांवर टांगलेला. माझ्या धाकट्या दिरानं तो तिथं लावला होता. घराच्या मध्यावर लावायचा सोडून अगदी मागच्या खिडकीत कशाला, असं मी त्याला तेव्हा विचारलं होतं. "असू द्या वैनी, तिथंच बरा हाये तो," एवढंच म्हणाला होता. त्या खिडकीतून नाला दिसतो आणि नाल्यापलीकडे आमचं वावर.

वायफायचं नाव त्यानं 'वावरात ये' असं ठेवलं होतं. माझे सासरे होते तोवर रोज सकाळी त्याला ह्याच दोन शब्दांनी उठवायचे. पासवर्ड होता 'गुलाबीअळी'. ते वर्षच तसं होतं. बीटी कपाशी नवीन आली तेव्हा आता बोंडअळीचं नावही निघणार नाही असं सगळे म्हणत, आणि काही वर्षं ते खरंही होतं. मग बोंडं वरून हिरवीगार दिसायला लागली आणि फोडली की आत गुलाबी अळी. बंद झालेल्या फवारण्या पुन्हा सुरू झाल्या, आधीपेक्षा जास्त. कपाशी माणसाच्या डोक्यावर गेलेली, त्यामुळे फवारा फिरून तोंडावर यायचा. दीर सलग तीन दिवस फवारत होता. तिसऱ्या दिवशी दिवेलागणीला अंगणात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "वैनी, मले सारं दोन-दोन दिसून राह्यलं." पाचव्या दिवशी तो जिल्ह्याच्या दवाखान्यात वारला. एकतीस वर्षांचा होता. लग्न व्हायचं होतं.

त्यानंतर माझ्या मिस्टरांनी वावर ठोक्यानं दुसऱ्याला कसायला दिलं. ते तहसीलमध्ये कारकून होते, त्याच वर्षी मुदतीआधीच निवृत्त झाले. वावरात त्यांनी पाऊल टाकलं नाही. जेवण झालं की विहारातल्या वाचनालयात पेपर वाचायला जायचे आणि उन्हं उतरली की परत यायचे. चार वर्षं हाच क्रम. निदान मला तसंच वाटत होतं.

राउटर घ्यायला मी आणि मुलगी रविवारी खामगावला गेलो. बाजारातल्या एका बोळात जुनं दुकान आहे. दुकानदार म्हातारे आहेत, पूर्वी रेडिओ दुरुस्त करायचे. सगळे त्यांना चाचा म्हणतात. मुलीची नजर एका मोठ्या राउटरवर गेली. आठ अँटेना, काळाकुळकुळीत, कोळ्यासारखा.

चाचा हसले. "शिंगं मोजून बैल घेता का, बेटा? आधी सांग, घर कसं हाये? स्लॅब का टिनाचं? भिती विटाच्या का मातीच्या? किती मोबाइल चालतात?"

मुलीनं सगळं सांगितलं. त्यांनी मधल्या फळीवरून एक साधा खोका काढला आणि उलटा करून दाखवला. "हे पाह्य. ह्याचे पोर्ट हजाराचे हायेत. तुमचा जुना शंभराचा. नळी अर्ध्या इंची असली तर मागं कितीही मोठी मोटर लाव, पाणी तेवढंच येते. अन् ह्याच्यात दोन बँड हायेत. एक जोरात पळते पण भितीले अडकते. दुसरा हळू चालते पण दूर जाते. मोकळी जागा असली तर पार वावरापर्यंत जाते. तीनशेच्या प्लॅनले एवढा बस्स हाये. घराच्या मधात ठेवजो, खिडकीत नको."

बिल करताना त्यांनी गावाचं नाव विचारलं. मी सांगितल्यावर पेन थांबवून म्हणाले, "तुमच्या गावचा एक जण येत होता. उंच. डाव्या भुवईवर खूण. लय डोकेबाज माणूस. माझ्याकडून एका दिवशी दोन राउटर घेऊन गेला होता."

"माझा दीर तो," मी म्हणाले. "पण एकच आणला होता त्यानं. घरी एकच आहे."

"दोन, बाई. मी सोता थैलीत टाकून देले." मग माझ्या तोंडाकडे पाहून त्यांनी काय ते ओळखलं असावं. मान खाली घालून त्यांनी बिल पूर्ण केलं.

घरी येऊन मुलीनं नवा राउटर मधल्या खोलीत लावला. सगळ्यांच्या मोबाइलमध्ये पुन्हा नाव-पासवर्ड टाकत बसायला नको म्हणून तिनं दोन्ही जुनंच ठेवलं. वेग एकदम वाढला. तिच्या मीटिंगा सुरळीत झाल्या. जुना राउटर मी वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटात ठेवला. मागच्या खोलीच्या खिडकीत नुसते दोन खिळे राहिले.

दोन दिवसांनी मी त्याच खोलीत उंद्रीला दिलेल्या बहिणीशी व्हिडिओवर बोलत होते. ती बोलता बोलता तोंड उघडं टाकून थांबली ती थांबलीच. मोबाइलवर अक्षरं आली: 'वावरात ये' जोडलेलं आहे, इंटरनेट नाही. मी मधल्या खोलीत आले, सगळं ठीक. परत मागे गेले, पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशी मागच्या खोलीतही नीट चाललं. तिसऱ्या दिवशी पुन्हा बंद.

मुलीनं माझा मोबाइल हातात घेतला, आजूबाजूच्या वायफायची यादी उघडली आणि बराच वेळ पाहत राहिली.

"आई, तू जुना राउटर कुठं चालू केलास का?"

"नाही गं. का?"

"'वावरात ये' दोन आहेत. एक आपला, पूर्ण रेंजचा. दुसरा अगदी बारीक आहे, पण आहे. पासवर्डही तोच आहे, म्हणून आपले मोबाइल इथं आले की आपोआप त्याला जाऊन चिकटतात."

आम्ही कपाट उघडलं. जुना राउटर वर्तमानपत्रात होता तसाच होता. त्याची वायर त्याच्याच अंगाला गुंडाळलेली.

कपाट उघडं टाकून आम्ही दोघी तिथंच उभ्या राहिलो. मी पंचवीस वर्षं शाळेत मुलांना विज्ञान शिकवत आले आहे. घाबरणारी बाई नाही. पण मेलेल्या माणसानं ठेवलेलं नाव आपल्या हातातल्या मोबाइलवर उमटतं, आणि ते नाव म्हणजे बोलावणं असतं, तेव्हा विज्ञान डोक्यात राहतं आणि काटा अंगावर येतोच.

मी कॅलेंडरवर खुणा करायला लागले. तो दुसरा 'वावरात ये' काही दिवस सकाळी उगवायचा आणि संध्याकाळी मावळायचा. काही दिवस दिवसा फिरकायचाच नाही. दुसऱ्या आठवड्यात माझ्या लक्षात आलं. ज्या दिवशी तो यायचा, त्या दिवशी खिडकीतून नाल्यापलीकडच्या विहिरींवरच्या मोटारींचा आवाजही यायचा. शेतीच्या लाइनची, म्हणजे विजेची, पाळी असायची, कधी दिवसा, कधी रात्री, तेव्हाच तो जिवंत व्हायचा. म्हणजे तो वावरातच कुठंतरी होता. कोडं सुटलं, पण मला बरं वाटलं नाही. चार वर्षं त्या जागेवरून कोणीतरी आमच्या घराला हाक मारत होतं, आणि जुना राउटर मध्ये टांगलेला असल्यामुळे आम्हाला ती ऐकू येत नव्हती, असं काहीसं मनात यायचं आणि मी ते झटकून टाकायची.

जेवताना मी मिस्टरांना म्हणाले, "मागच्या खोलीत दुसरं एक वायफाय दिसतं. वावराकडून येतं."

त्यांचा हात ताटातच थांबला. "बंद करून टाका ते."

"मागच्या खोलीत काहीच नाही आपलं. काय बंद करू?"

ते उठले, हात धुतले आणि विहाराकडे निघून गेले. अर्धी भाकरी ताटात तशीच होती.

त्या शनिवारी सकाळची शाळा होती. मी दुपारी बाराला घरी आले. दिवाळी होऊन गेली होती, सोयाबीन निघालं होतं, वावरात नुकताच हरभरा पेरलेला. शेतीची लाइन होती. मिस्टर जेवून बाहेर गेले होते. मुलगी मागच्या खिडकीशी लॅपटॉप घेऊन बसली आणि मुद्दाम तो बारीक 'वावरात ये' निवडला.

"ह्याला दोन गोष्टी जोडलेल्या दिसतात," ती म्हणाली. "एक माझा लॅपटॉप. दुसरं काय ते बघू."

तिनं त्यावर क्लिक केलं. पासवर्ड मागितला. तिनं 'गुलाबीअळी' टाकला आणि पडद्यावर चित्र उघडलं.

वरून, झाडावरून दिसावं तसं आमचं वावर होतं. कोपऱ्यात कडुनिंबाची डहाळी हलत होती. विहिरीचा काठ, मोटारीच्या खोलीचे पत्रे, हरभऱ्याच्या ओळी. मग मला आठवलं. रोही, म्हणजे नीलगाई, आणि रानडुकरं रात्री कपाशीत शिरतात, त्यांच्यासाठी मी कॅमेरा लावणार आहे, असं दीर त्या वर्षी दोन-तीनदा म्हणाला होता. त्यानं तो लावला आणि सांगायचं राहून गेलं, हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. दुसरा राउटर त्याच्यासाठीच होता. घरातला राउटर मागच्या खिडकीत का टांगला, तेही आता कळलं: तिथून त्याची रेंज वावरातल्या राउटरपर्यंत पोचायची.

हे सगळं माझ्या मनात चाललं होतं तेवढ्यात मुलीनं माझं मनगट धरलं.

बांधावर एक माणूस उभा होता. कॅमेऱ्याकडे पाठ. पांढरा सदरा, आणि डोक्याला निळ्या चौकड्यांचा दुपट्टा, दीर बांधायचा तसा एक टोक कानावर सोडून. खांदे तेच. उजवा खांदा जरासा खाली, पाठीवर पंप घेऊन घेऊन होतो तसा.

"काका," मुलगी म्हणाली आणि तिनंच तोंडावर हात ठेवला.

माणूस हलत नव्हता. डहाळी हलत होती, तो हलत नव्हता.

"मी जाते," मी म्हणाले. आजही मला कळत नाही ते धाडस होतं की काय होतं. घरात बसून त्या पाठीकडे बघत राहणं मला जास्त अवघड वाटलं असावं. मोबाइलवर मुलीशी फोन चालू ठेवला आणि निघाले. खिडकीतून वावर दगड मारला तर पोचेल इतकं जवळ आहे, पण नाला मध्ये असल्यानं रपट्यावरून, म्हणजे खालच्या बुटक्या पुलावरून, वळसा घालावा लागतो. टळटळीत दुपार. रस्त्यावर चिटपाखरू नाही. चार वर्षांत मीही त्या वाटेनं गेले नव्हते.

मी बांधावर पोचले. वावर रिकामं होतं.

विहिरीजवळ कोणी नाही, झाडाखाली कोणी नाही. मी बरोबर त्या जागी जाऊन उभी राहिले, जिथं तो पडद्यावर उभा होता.

"कोणी नाही गं इथं," मी फोनवर म्हणाले.

पलीकडे तिनं लॅपटॉपची कळ दोन-तीनदा दाबल्याचा आवाज आला.

"ऐकू येतंय ना?"

"आई, तू कुठं उभी आहेस?"

"बांधावर. विहिरीसमोर."

"तू दिसत नाहीस." तिचा आवाज एकदम लहान झाला, शाळेत जायची तेव्हासारखा. "तो दिसतो. तिथंच उभा आहे. आई, तू त्याच्याच जागेवर असशील."

माझ्या डाव्या दंडाला ऊन लागत होतं. उजवा दंड गार पडला. मी मान वळवली नाही. समोर हरभऱ्याच्या ओळी होत्या, त्यांच्याकडेच पाहत राहिले. किती वेळ, सांगता येणार नाही.

"आता तो चालला," मुलगी म्हणाली. "मोटारीच्या खोलीकडे चालला. आत गेला. आई... आता तू दिसतेस. रपट्याकडून येतेस. आता बांधावर चढतेस."

मी तर केव्हाची उभी होते. कितीतरी आधी चढून आलेली मी तिला आत्ता चढताना दिसत होते. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला की चित्र मागून येत होतं. रेंज कमी म्हणून अडकत अडकत, मिनिट-दोन मिनिटं उशिरा. नंतर मुलीनं ते मोजलं, कधी एक मिनिट, कधी तीनही. मी बांधावर पोचायच्या जरा आधी तो माणूस तिथून हलला होता.

म्हणजे तो अजून मोटारीच्या खोलीत होता.

दार लोटलेलं होतं. आतून खोकल्याचा आवाज आला, आणि तो खोकला मी तीस वर्षं ऐकत आलेली आहे.

माझे मिस्टर स्टार्टरच्या पेटीखाली उलट्या घमेल्यावर बसले होते. दुपट्टा काढून मांडीवर ठेवला होता. मी दारात उभी राहिले तरी त्यांनी वर पाहिलं नाही.

"कोणाचा आहे हा दुपट्टा?"

"त्याचाच. इथंच खुंटीवर होता." त्यांनी बोटानं वर दाखवलं. स्टार्टरपासून एक वायर निघून पत्र्याच्या फटीतून झाडावर गेली होती, आणि वर कॅमेऱ्याशेजारी दुसऱ्या राउटरच्या पांढऱ्या डब्यात हिरवा दिवा मिणमिणत होता. "लाइन आली का तो दिवा लागते. काय हाये मले ठाऊक नाई. त्यानं लावला येवढं समजलं. बंद कराची हिंमत नाई झाली."

"रोज इथं येता?"

"लाइन असली का येतो. नसली का विहारात जातो."

मी उंबऱ्यावर बसले. मोटर घरघरत होती. ते भिंतीकडे पाहून बोलायला लागले.

"औषध मी आणून देलं होतं. दुसऱ्या दिवशी, ऑफिसातून येताना. दुकानात दोन बाटल्या देल्या अन् सांगितलं, एकात एक मिसळा, अळी राहात नाई. मी वाचलं नाई कागदावर काय लिहेल हाये. जिंदगीभर कागदच वाचले मी, अन् तोच नाई वाचला. तो म्हणे, दादा, वास लय उग्र हाये याचा. मी म्हटलं, एका दिवसाचं काम हाये, आटप लवकर."

मी त्यांना "तुमची चूक नव्हती" असं म्हणाले नाही. ते मला माहीत नव्हतं. फोन अजून चालूच होता आणि पलीकडे मुलगी सगळं ऐकत होती, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

आम्ही दोघं उन्हातून घरी आलो.  मुलीनं दोघांसमोर चहा ठेवला आणि वडिलांच्या शेजारी बसून राहिली.

पुढच्या आठवड्यात कॅमेऱ्यातलं कार्ड काढून आणून तिनं मला एकटीला बोलावलं. कार्ड भरलं की जुनं पुसून नवं साठत जातं, त्यामुळे दिराचं त्यात काहीच उरलं नव्हतं. शेवटचे काही आठवडे होते. रानडुकरं, एक कोल्हा, ठोकेदार, आणि दुपारी मिस्टर. दर वेळी त्याच जागी, पाठ करून. कधी ते हात हलवून काहीतरी समजावून सांगत. मग थांबत, उत्तर ऐकावं तसे, आणि मान डोलवत. एका दिवशी ते बांधावरून चालत येत होते. आमचा बांध अरुंद आहे, एका वेळी एकच माणूस जातो. मध्येच ते थांबले, सरकून कडेला झाले, कोणाला वाट द्यावी तसे, आणि जाणाऱ्याकडे पाहावं तशी त्यांची मान हळूहळू वळत गेली.

समोरून कोणी आलं नव्हतं. आम्ही तो तुकडा दोनदा पाहिला. तिसऱ्यांदा मुलीनं लॅपटॉप मिटला.

"बाबांना हे दाखवायचं नाही," ती म्हणाली. मीही कधी दाखवलं नाही. त्यांना विचारलंही नाही. आजवर ह्याबद्दल मी कोणाशी बोललेले नाही, इथं लिहिते आहे तेवढंच.

घरच्या वायफायला मुलीनं दुसरं, साधं नाव दिलं. त्यानंतर आमचे मोबाइल भटकले नाहीत. तिचं काम नीट चाललं, अजून चालतं. झाडावरचा डबा मिस्टरांनी उतरवू दिला नाही, आणि मी आग्रह केला नाही. उन्हाळ्यात वादळ आलं त्यात डहाळीसकट तो खाली पडला.

पुढच्या हंगामात मिस्टरांनी ठोका मोडला आणि वावर स्वतःकडे घेतलं. कपाशी नाही लावली, तूर लावली. पण फवारणीचे दिवस सुरू झाले तेव्हा ते चष्मा लावून दुसऱ्यांच्या बांधावर जायला लागले. बाटली मागून घ्यायचे, तिच्यावरची बारीक अक्षरं मोठ्यानं वाचून दाखवायचे. कशात काय मिसळायचं नाही, वारा कुठून आहे, तोंडाला काय बांधलं. सुरुवातीला लोक वैतागले. एकानं तोंडावर सांगितलं, "काऊन डोकं खाऊन राह्यले, साहेब? तुमच्या घरी झालं म्हणून साऱ्याच्या घरी होते का?" त्यांनी चष्मा पुसला. बाटली परत दिली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच बांधावर गेले.

त्या वर्षी पोळा झाल्यावर एका सकाळी मी शाळेत निघाले होते. दारात खालच्या वस्तीतली एक बाई उभी होती. कपाशीत मजुरीला जाते, नवरा फवारतो. तिच्या हातात थैली होती आणि ती तिनं अंगापासून लांब धरली होती.

"साहेब हायेत का घरी?" तिनं विचारलं. "वावराच्या मालकानं हे देलं फवाराले. मी म्हटलं, आधी वाचून घेऊ."

आतून चष्म्याचं घर उघडल्याचा आवाज आला.